आंब्याच्या उत्तराबद्दल

देजॉन, दक्षिण कोरिया
रविवार

प्रिय श्रीकांत,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीला फोन केला नाही, तुझ्या दोन संदेशांना उत्तरही दिले नाही, आणि आता एकदम पत्र लिहायला बसलो आहे, तेव्हा काहीतरी घडले असणार हे तू ओळखले असशीलच. प्रकृती ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, मनीषाचा थायरॉइड गोळीवर आटोक्यात आहे, थंडी पडू लागली आहे.

परवा रात्री मी मुलांनी भरलेले चित्रचाचणीचे कागद तपासत होतो. या कागदांवर अर्धवट रेषा असतात, एखादी वाकडी, एखादी तुटकी. मुलाने त्यांतून चित्र पुरे करायचे आणि त्याला नाव द्यायचे. टॉरन्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली ही चाचणी प्रसिद्ध केली आणि सर्जनशीलता मोजायला ती आजही जगभर वापरतात. पुष्कळ मुले जे चित्र काढतात त्याला नावीन्याचे गुण मिळत नाहीत, उघडी रेष घाईने मिटवली तर गुण जातात, आणि चित्राला नुसते ‘मासा’ असे नाव दिले तर त्या नावाचे शून्य. इरा मागून येऊन पाहत उभी राहिली आणि तिने विचारले, “बाबा, याचे जोंगदाप काय?” जोंगदाप म्हणजे अचूक उत्तर. इथल्या शाळेत हा शब्द दिवसातून इतक्या वेळा कानावर पडतो की, मलाही तो पहिल्या महिन्यातच पाठ झाला होता.

याला अचूक उत्तर नसते, असे मी सांगायला हवे होते. त्याऐवजी मी खुर्ची सरकवून तिला जवळ बसवले आणि अर्धा तास शिकवले: सूर्य काढू नकोस, चेहरा काढू नकोस, रेष मिटवायची घाई करू नकोस, नावात एखादी भावना आण. तिने मान डोलावून सगळे वहीत उतरवून घेतले. दिवा मालवल्यावर मला एकदम आपले सर आठवले आणि त्यांच्यामागोमाग तू.

चौथीच्या स्कॉलरशिपचा तो तास तू विसरला असणे शक्य नाही. ‘गटात न बसणारे पद ओळखा: आंबा, चिकू, बटाटा, पेरू.’ आम्ही चाळीस जणांनी बटाटा म्हटले, तू आंबा म्हणालास, आणि कारण विचारल्यावर सांगितलेस की या चौघांत राखणदार फक्त आंब्याला ठेवतात. थोबाडीत बसली तरी तू उत्तर खोडले नाहीस. मी मात्र बुद्धिमत्ता चाचणीचे अडीचशे प्रश्न उत्तरांसकट घोकले होते (बुद्धिमत्ता घोकायची असते यात तेव्हा कोणालाच काही वावगे वाटत नव्हते), आणि जिल्ह्याच्या यादीत माझे नाव आले. टॉरन्सच्या हिशेबात तुझ्या आंब्याला पूर्ण गुण होते, बटाट्याला शून्य. हे तुला कळवायला मला तेहतीस वर्षे लागली, त्याबद्दल क्षमस्व. सायकलचा दिवा मात्र तूच फोडला होतास, त्याबद्दल माझे मत बदललेले नाही.

बारावीच्या निकालानंतर कट्ट्यावर तू म्हणाला होतास, “तू हुशार नाहीस, आज्ञाधारक आहेस.” आपण सात महिने बोललो नव्हतो. क्यूंग ही किम या कोरियात जन्मलेल्या संशोधक बाईंचा २००५ सालचा निबंध पहिल्यांदा वाचला, तेव्हा तुझे तेच वाक्य आठवले होते. त्यांनी २१ अभ्यासांतली, ४५,८८० माणसांची आकडेवारी एकत्र करून पाहिली, तर बुद्ध्यंक आणि सर्जनशीलतेच्या चाचण्यांतले गुण यांचा सहसंबंध भरला अवघा ०.१७४. दोन्ही एकत्र नांदतील याची फारशी खात्री नाही, एवढाच त्याचा अर्थ. कन्फ्यूशियसच्या परंपरेतले वडीलधाऱ्यांपुढे मान तुकवणे आणि घोकंपट्टी यांनी सर्जनशीलता कशी आखडते, यावरही त्यांनी पुष्कळ लिहिले आहे. सोल राष्ट्रीय विद्यापीठात ली हे-जंग यांनी सतत अव्वल गुण मिळवणाऱ्या ४६ विद्यार्थ्यांना त्यांची अभ्यासाची रीत विचारली, तेव्हा आपले मत प्राध्यापकांपेक्षा वेगळे असेल तर उत्तरपत्रिकेत प्राध्यापकांचेच लिहू, असे त्यांच्यातल्या बहुतेकांनी सांगितले. ते वाचताना मी हसलो होतो. आता हसू येत नाही, कारण माझ्या मुलीला मी त्याच्याही पुढची पायरी शिकवली आहे: मत वेगळे आहे असे दाखवून गुण कसे मिळवायचे.

तू म्हणशील, मग सोडून ये तो देश. पण गोष्ट इतकी सरळ असती तर मी पत्र लिहिले नसते. २०२२ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय परीक्षेत पंधरा वर्षांच्या मुलांच्या सर्जनशील विचाराची पहिल्यांदाच चाचणी झाली, तिथे कोरियाला ६० पैकी ३८ गुण मिळाले. पुढे होते फक्त ४१ गुणांचे सिंगापूर, आणि विकसित देशांची सरासरी होती ३३. घोकणारी मुले म्हणून ज्यांची कीव करावी, तीच इथेही वर. आमच्या विभागात यावर रोज वाद होतो. एक जण म्हणतो, मुले खरोखरच कल्पक आहेत. दुसरा म्हणतो, परीक्षा कशाचीही ठेवा, ही मुले तिचा जोंगदाप शोधतात. परवापर्यंत मी पहिल्याच्या बाजूने होतो.

इन्हा विद्यापीठातल्या पार्क यंग-शिन आणि उई-चोल किम यांचे काम मला यात सर्वांत जवळचे वाटते. मुले यशाचे श्रेय उपजत बुद्धीपेक्षा कष्टांना देतात, आणि त्या कष्टांमागे आईवडिलांनी सोसलेल्याचे ऋण असते, असे त्यांना दिसले. कृतज्ञता आणि अपराधीपणा इथे एकाच ताटात जेवतात. माझ्या क्लासच्या फीसाठी आईने पाटल्या मोडल्या, हे मला कोणी सांगितले नव्हते, तरी ठाऊक होते. चुकीचे उत्तर देण्याची चैन मला परवडणारी नव्हती. तुझ्या अण्णांनी तुला कधी काही मोडून दिले नाही, म्हणून तू आंबा म्हणू शकलास, असा एक दुष्ट विचार माझ्या मनात येतो. रागावू नकोस.

गेल्या गुरुवारी सुनुंग झाली, इथली विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा. कचेऱ्या उशिरा उघडल्या, आणि इंग्रजीच्या श्रवणचाचणीपुरती ३५ मिनिटे देशभर विमानांचे उड्डाण नाही की उतरणे नाही. आमच्या मजल्यावरची आजी पहाटेपासून देवळात बसली होती. इराने खिडकीतून रिकामे आकाश पाहिले आणि विचारले, “माझ्या वेळीपण विमाने थांबतील ना?” तिच्या आवाजात अभिमान होता.

इथून तासाभरावर चोंगजू आहे. किम उंग-योंग तिथल्या विद्यापीठात शिकले. १९६२ चा जन्म, पाचव्या वर्षाच्या सुमारास जपानी दूरचित्रवाणीवर कलनाची गणिते सोडवलेली, गिनेसमध्ये २१० बुद्ध्यंकाची नोंद. मोठेपणी त्यांनी स्थापत्य अभियांत्रिकी केली आणि प्रांतिक विकास महामंडळात नोकरी धरली, तर वर्तमानपत्रांनी त्यांना ‘अयशस्वी प्रतिभावंत’ ठरवले. आपण सुखी आहोत, असे ते सांगत राहिले. मनीषाला हे वाचून दाखवले, तर ती म्हणाली, “श्रीकांतभावोजींना कोणी असे काही ठरवले नाही, हे एक बरे झाले.” मोटारी रिवाइंड करताना तू गुंडाळीचा आराखडा न काढता नुसत्या हाताने अंदाज घेतोस, हे तिला अजून जादूच वाटते.

दुकानाच्या नव्या जागेचे काय झाले? वहिनींची बदली पाटणलाच राहिली का? अण्णांचे मोतीबिंदू उरकून घे, पुढे ढकलू नकोस.

काल मी इराला म्हटले, परवा सांगितलेले सगळे विसर, तुला वाटेल ते काढ. ती बराच वेळ कोऱ्या कागदाकडे पाहत बसली आणि शेवटी म्हणाली, “वाटेल ते म्हणजे कसे काढायचे, ते सांगा ना.” मला सांगता आले नाही. म्हणून या पत्राच्या पाठीमागे मी एक वाकडी रेष काढून ठेवली आहे. तिचे काय करायचे ते तू कर, फोटो पाठव, मी तो तिला दाखवीन. गुण देणार नाही. मनातल्या मनात देईनच बहुधा, पण तुला कळवणार नाही.

तुझा,
बटाटा