सही करणार नाही, आणि हरकत नोंदवली आहे

पुणे

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "बरं, बरं" म्हणत फोन आईकडं दिला असता, आणि आईनं जेवलीस का म्हणून विचारलं असतं. म्हणून लिहिते आहे. दादाला सांगितलंय, दुपारच्या चहाला बसल्यावर सगळं वाचून दाखव, मध्ये कुणी बोललं तरी थांबू नको.

आधी मुद्द्याचं सांगते. वरच्या काकांनी त्यांचं शेत शेतीतून निवासी करून मागितलंय, त्यावर मी लेखी हरकत नोंदवली आहे. पोच माझ्याजवळ आहे. आणि त्या एजंटाला कळवलंय की आपल्या शेताच्या संमतीपत्रावर माझी सही होणार नाही, आता नाही आणि दिवाळीनंतरही नाही.

बाबा, तुम्ही रागवाल. रागवा, खरं ऐकून घ्या.

पेपरातली जाहिरात दादानं फोटो काढून पाठवली, तेव्हा तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. डॉक्टरांनी ताण नको म्हणून बजावलेलं. हरकतीला कायद्यानं किमान १५ दिवस द्यावे लागतात, आणि बहुतेक वेळा तेवढेच देतात. त्यातले काही जाहिरात आपल्यापर्यंत पोचेपर्यंतच गेले होते. तुमचा डोळा बरा होईपर्यंत थांबले असते तर मुदत टळली असती. माझ्या ऑफिसात एक हुबळीची मैत्रीण आहे, तिनं कन्नडमध्ये अर्ज नीट करून दिला, मी बेळगावला येऊन दिला आणि शिक्का घेतला. घरी न येता परत गेले, हे आईला जास्त लागेल, मला माहीत आहे. आई, तुझ्या हातचा आमटीभात खाल्ला असता तर अर्ज पिशवीतनं बाहेर निघाला नसता. बाबा "राहू दे बाळ, आपल्यातच कशाला भांडण" म्हणाले असते आणि मी ऐकलं असतं. तुमचं मी नेहमीच ऐकते. म्हणून येऊन, देऊन, गेले.

माझी सही लागते ती का, हे एजंटानं तुम्हाला नीट सांगितलेलं नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा हक्क कर्नाटकात १९९४ पासून आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीनं तो देशभर पक्का झाला. हा हक्क मी तुमच्याविरुद्ध काढते आहे असं मनात आणू नका. मला वाटणी नको, पैसा नको. माझी सही जमिनीला कुंपण म्हणून राहू दे, एवढंच.

आता हरकत कशावर, ते सांगते, कारण गावात त्याचं काहीतरी भलतंच होणार. काकांनी शेत विकू नये असं मी कुठंही लिहिलेलं नाही. मोठीच्या लग्नाचं कर्ज आहे, कृषी पत्तीनचं, म्हणजे शेतकी पतसंस्थेचं, थकलंय, त्यांना पैसा हवाय, त्यात गैर काय? शेत म्हणून विकावं, कसणाऱ्याला द्यावं. माझी हरकत रंगावर आहे. शहराच्या विकास आराखड्याच्या नकाशात आपलं शिवार हिरवं आहे, म्हणजे शेतीचं. ते पिवळं, म्हणजे निवासी, करायचं असेल तर नगररचना कायद्यातल्या कलम १४-अ खाली अर्ज होतो, पेपरात जाहिरात येते, लोकांच्या हरकती मागवतात, आणि बदल सार्वजनिक हिताचा आहे हे दाखवावं लागतं. एकदा रंग बदलला की पुढं जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५ खाली बिगरशेती करून घेणं सोपं जातं. मग प्लॉट पडतात. बाबा, तुम्ही म्हणता "सरकारपुढं आपलं काय चालणार?" हलगा-मच्छे बायपासचं तुम्ही बघितलंय, म्हणून म्हणता. पण ते भूसंपादन होतं, तिथं सरकारच जमीन घेतं. इथं कुणी घेत नाही, इथं आपल्यातल्याच एकानं मागितलंय आणि इथल्याच कचेरीत त्याचा विचार व्हायचा आहे. शेजारच्या शेतकऱ्याचा कागद त्या फायलीत असला तर तो वाचावा लागतो. नसला तर "हरकत नाही" असं लिहून फाईल पुढं जाते.

आणि २०२० साली काय झालं ते तुम्हीच मला सांगितलं होतं. कर्नाटकात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नव्हती, ७९-अ आणि ७९-ब ही कलमं आडवी यायची. ती काढून टाकली. आता कुठलाही माणूस येऊन आपल्या पाणंदीला उभा राहू शकतो. कलमं गेली, उरला तो नकाशातला हिरवा रंग. म्हणून मी त्याला एवढी धरून बसले आहे.

अर्जात पाण्याचा मुद्दा मी सगळ्यात वर घातला. पलीकडच्या ले-आऊटवाल्यानं मुरूम टाकून जमीन कमरेएवढी उंच केली तेव्हापासून आपल्या खालच्या वाफ्यात काय होतंय, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? पूर्वी पाऊस थांबला की दोन दिवसांत बांधाच्या मोरीतनं पाणी नाल्याला लागायचं. गेल्या वर्षी मी बघितलं, टिप्परनं टाकलेल्या मुरमाचं लाल पाणी मोरीच्या तोंडाशी साचून उभं होतं, त्यावर शेवाळ धरलेलं, आणि भाताचा बुडखा हाताला लागला की गळून यायचा. वरचं काकांचं शेत भरलं की पाणी तिन्ही बाजूंनी आपल्याकडंच येणार. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात बळ्ळारी नाल्याकाठच्या शेतवडीचं काय झालं ते सगळ्या बेळगावानं बघितलंय. एक शेत पिवळं झालं की शेजारचं हिरवं नुसतं कागदावर राहतं. दोन पावसाळे पीक हातात येत नाही, मग तो शेतकरी आपण होऊन एजंटाला बोलावतो. मग म्हणतात, शेतकऱ्यानं राजीखुशीनं दिली.

बेळगावच्या वडगाव, शहापूर, अनगोळची शेतवड कशासाठी ओळखली जायची? बासमतीसाठी. निसवताना रस्त्यावरनं जाणाऱ्याला वास यायचा. बाबा, मला सायकलच्या दांडीवर बसवून तुम्ही तिकडनं न्यायचा आणि "डोळे मीट, सांग कुठं आलो" म्हणायचा. मी दर वेळी बरोबर सांगायची आणि तुम्ही दर वेळी आश्चर्य दाखवायचा. आज त्यातल्या कितीतरी ठिकाणी घरं आहेत. राहणाऱ्यांचा दोष नाही, माणसाला घर लागतंच. पण घर माळावर, खडकावरही उभं राहतं. भातानंतर एक पाणी न देता नुसत्या ओलीवर मसूर पिकवणारी काळी माती माळावर नेता येत नाही.

आई, तुझी मसूर मी इथं डब्यात जपून वापरते. शेंग वाळली की तू पदरात घेऊन दोन्ही तळव्यांत चोळायचीस आणि फुंकर मारून मला दाणा दाखवायचीस, एवढासा, तांबूस. इथल्या दुकानातली शिजते पटकन, पण आमटीला ती चव नाही.

आता मला ठाऊक आहे विकायचं का मनात आलं ते. गुडघे. "आता होत नाही, माझ्यामागं कोण करणार, तू काय पुण्याहून भांगलायला येणार आहेस?" हे बाबांचं वाक्य माझ्या कानात आहे. त्याचं उत्तर मी तोंडानं देऊ शकले नाही, इथं देते.

बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा खर्च शेतातनं काढायचा नाही. माझ्या ऑफिसच्या विम्यात तुम्ही दोघं आहात, मी कागद बघितलेत, उरलेलं माझ्या बचतीतनं. दिवाळीनंतर थंडीत करून घेऊ, तोवर भात घरात आलेलं असेल. मागच्या मोरीत कमोड बसवायला मिस्त्रीला सांगितलंय, गणपतीच्या आत तो येईल. आई, नको म्हणू नको, बाबांना उकिडवं बसणं बंद. गिझर पण घेतलाय. चूल राहू दे, पण पहाटे धुरात बसून पाणी तापवायचं नाही. धुणंभांड्याला वहिनीच्या ओळखीची बाई येईल, तिचे पैसे मी परस्पर देईन, तू तिच्या मागनं परत भांडी घासत बसू नकोस. म्हैस ठेवायची तर ठेवा, शेत राहिलं तर पिंजरही राहील. पण धार दादा काढेल.

शेताचं मी दादाशी बोलले आहे. मजूर, ट्रॅक्टर, मळणी सगळं तो बघेल, खर्च मी पाठवेन, माल आपल्या घरात येईल, त्याच्या कष्टाचं त्याला देऊ. वाट्यानं द्यायचं नाही म्हणून तुम्ही अडून बसता ते मला समजतं. आजोबा स्वतःच कूळ होते. १९७४ नंतर कसत होते ती जमीन नावावर व्हावी म्हणून कुळांचा सात नंबरचा फॉर्म मुदतीत भरला, ट्रिब्यूनलपुढं चपला झिजवल्या, म्हणून तर ही जमीन आपली. तो घडी पडून फाटत आलेला निकाल तुम्ही देव्हाऱ्याखालच्या ट्रंकेत ठेवलाय. आजोबांना सहीही येत नव्हती, अंगठा होता, तरी मुदत चुकवली नाही. मी शिकलेली असून कशी चुकवणार होते?

तुम्हाला असं वाटू देऊ नका की मी लांब बसून तुमच्यावर कष्ट लादते आहे. तसं नाही. तुम्ही बांधावर खुर्ची टाकून बसा, दादाला ओरडा, एवढंच काम. पाच वर्षांनी मला इकडं बदली घ्यायची आहे, कोल्हापूर नाहीतर बेळगाव. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. लगेच मामाला फोन करू नकोस आई.

आता काही गोष्टी सांगते, त्या पाळा.

एजंट येईल. चहा द्या, घरी आलेल्याला चहा द्यावा. सही द्यायची नाही. "हजेरीची आहे", "नुसती मोजणीची आहे", "११-ई च्या नकाशासाठी लागते" असं काहीही म्हणाला तरी नाही. मूळ उतारा, आधार कार्ड, फोटो हातात द्यायचे नाहीत. आगाऊ पैसे दिले तर तिथंच परत करायचे, टेबलावर ठेवून गेला तर दादाला लगेच पाठवायचं. बाँड पेपरवर गुंठे विकलेल्यांचं गावात काय चाललंय ते तुम्ही बघताच आहात.

पीक पाहणी करून घ्या. दादाच्या मोबाईलमध्ये ॲप आहे, शेतात उभं राहून फोटो काढायचा. उताऱ्यावर भात लागलं पाहिजे आणि पुढं मसूर लागली पाहिजे. उतारा पड दाखवत राहिला तर उद्या म्हणतील इथं शेती होतच नाही.

ग्रामसभेला बाबा, तुम्ही जा. बोलायला नको असेल तर नुसते बसा. शिवार हिरवंच राहावं असा ठराव दादा आणि खालच्या आळीतले मांडणार आहेत, त्याला हात वर करा. पुढं सगळा आराखडा नव्यानं येईल तेव्हा ६० दिवसांची मुदत असते, त्या वेळी गावाचा एक ठराव शंभर वेगळ्या अर्जांपेक्षा उपयोगी पडेल.

आणि काकांशी बोलणं बंद करू नका. ही माझी विनंतीच आहे. त्यांनी तुम्हाला दोन शब्द सुनावले तर माझ्यावर ढकला, म्हणा पोरगी ऐकत नाही. काकूचा उपवासाचा डबा दरवर्षीसारखा जाऊ दे. मी गणपतीत स्वतः त्यांच्या घरी जाऊन बसणार आहे. पत्तीनचं कर्ज हप्त्यानं फिरवून घेता येईल का, ते दादा विचारून आलाय, काकांना ते मी सांगेन. ते ऐकतील की नाही, ठाऊक नाही. पण लहानपणी मी विहिरीकडं पळाले की तेच धरून आणायचे, ते माझ्याशी बोलणं टाकतील असं मला वाटत नाही.

बाबा, डोळ्यात थेंब दिवसातनं चार वेळा, आठवण झाली की नव्हे, वेळेवर. बीपीची गोळी सकाळची. ओल्या बांधावरनं स्लिपर घालून जायचं नाही. आई, तू बाबांचं बघता बघता स्वतःची साखर तपासायचं टाळतेस, वहिनी शनिवारी नेईल, जा.

सुनावणीचं पत्र आलं की मी रजा काढून येईन. तुम्ही नाही आलात तरी चालेल, मी तुमच्यासाठीच उभी आहे हे मला तिथं बोलता येईल. आलात तर माझ्या शेजारी बसा.

गणपतीच्या आदल्या रात्रीच्या गाडीनं निघते.

तुमची लेक

ता.क. दादा, वाचून झालं की उताऱ्याचा आणि ट्रिब्यूनलच्या निकालाचा फोटो पाठव, दोन्ही बाजूंचा. निकालाची घडी बाबांनाच उलगडू दे, तू हात लावू नको.