आटलेल्या विहिरीवरचा माळी

वसई,
१६ ऑक्टोबर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. आई गेल्यापासून रोझरी हातात घेतलीस की नुसते मणी सरकतात, डोळे मिटलेस की ऑफिस आठवतं, आणि 'देवापुढे नाटक कशाला करायचं' म्हणून तू बसणंच सोडलंस. वाचून जीव कळवळला. सोडू नकोस रे, एवढंच सांगायला लिहायला बसलोय.

काल आविलाच्या संत तेरेझाचा सण झाला. मूक प्रार्थनेत तिच्याएवढा अधिकार फार थोड्यांचा. १९७० साली पोप सहावे पॉल यांनी तिला चर्चची आचार्या, म्हणजे साऱ्या चर्चला शिकवणारी गुरू, म्हणून गौरवलं. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. पण १५३५ साली, ऐन विशीत, ती कार्मेल संघाच्या मठात जोगीण म्हणून गेली आणि पुढची कितीतरी वर्षं तुझ्यासारखीच कोरडी बसली. प्रार्थनेचा तास कधी संपतो म्हणून कान घड्याळाच्या ठोक्यांकडे असायचे, हे तिनंच लिहून ठेवलंय. मन भरकटेल या धास्तीनं जवळ पुस्तक ठेवल्याशिवाय ती बसत नसे. मधे वर्षभराहून जास्त काळ तिनंही एकांतातली प्रार्थना टाकून दिली होती. आपली सगळ्यात मोठी फसगत ती हीच, असं ती पुढे सांगते.

प्रार्थना म्हणजे बागेला पाणी घालणं, असं ती म्हणते, आणि पाणी घालण्याच्या चार तऱ्हा सांगते. विहिरीतून शेंदून काढायचं, रहाटानं ओढायचं, ओढ्याचं पाणी बागेत वळवायचं, नाहीतर पाऊस पडायचा. दर तऱ्हेत माळ्याचे कष्ट कमी होत जातात आणि पाणी वाढत जातं. पावसात तर त्याला काहीच करावं लागत नाही, सगळं देवच करतो. स्पेनमधल्या जोगिणीनं हे लिहिलं, पण आपल्या वाडीतल्या माणसाला ते समजावून सांगायला नको. आजोबांचा रहाट तुला आठवतो ना? बैल फिरायला लागला की पहिली मडकी रिकामीच वर यायची, आणि आपण दोघं पन्हळीखाली हात धरून उभे असायचो. पाणी आलं की पाटानं केळीपर्यंत त्याच्याबरोबर धावायचो.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते पहिल्या पाण्याबद्दलचं. विहिरीलाच पाणी नसेल तर? तेरेझा म्हणते, माळ्यानं आपलं काम करावं, बादली सोडत राहावी. पाण्यावाचूनही फुलं जगवणारा धनी आहे. हे वाचलं आणि मला वैशाखातले आजोबा दिसले. बावखल, म्हणजे वाडीतलं आपलं तळं, तळाला गेलेलं, तरी पहाटे उठून ते वाडीत जायचेच. आळी भुसभुशीत करायचे, मोगऱ्याची सुकलेली पानं खुडायचे, बुंध्याशी पालापाचोळा पसरायचे. पाणी नाही म्हणून ते घरी बसले, असं मी कधी पाहिलं नाही.

बाबा गेले तेव्हा मीही दोन वर्षं असाच कोरडा होतो. आराधनेला बसायचो आणि छताचे वासे मोजायचो. कुणी 'तुझी श्रद्धा कमी पडते' म्हणालं, ते फार लागलं होतं मला. ते खरं नव्हतं, आणि तुझ्याबाबतीतही नाही. आई आठवून डोळ्यांत पाणी येत असेल तर तेच देवापुढे घेऊन बस. शब्द नसले तरी चालेल. आपल्यावर ज्याचं प्रेम आहे हे ठाऊक आहे त्याच्याशी एकांतात मैत्रीच्या गोष्टी करणं, प्रार्थनेची तेरेझानं केलेली व्याख्या एवढीच आहे.

रोज वीस मिनिटं धर. योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढ, विहिरीवर येशूकडे पाणी मागणारी ती शोमरोनी बाई. चार ओळी सावकाश वाच, जो शब्द अडवेल तिथेच थांब. मन ऑफिसात गेलं की रागावू नकोस, हाताला धरून परत आण. शंभरदा गेलं तर शंभरदा. तेरेझाला ही गोष्ट लहानपणापासून आवडायची. तिच्याजवळ त्या प्रसंगाचं चित्र होतं, त्यावर लिहिलेलं: 'प्रभो, मला पाणी दे.' तुला दुसरं काही सुचलं नाही तर वीस मिनिटं तेवढंच म्हण.

नाताळला येशील तेव्हा चार दिवस जास्त काढून ये. रहाट केव्हाच मोडलाय, पण विहिरीचा कठडा शाबूत आहे. पहाटे दोघं तिथेच बसू, न बोलता.

तुझाच,
वाडीतला सोबती