यकृताच्या कॉडेट लोबविषयी, फक्त तुला

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. चार महिन्यांत तुला एक ओळही लिहिली नाही, याची लाज वाटते. तब्येत ठीक आहे. पण जे घडले, ते तुझ्याखेरीज कोणाला सांगून कळणार नाही.

आठ महिन्यांपूर्वी मी एका तरुण स्त्रीच्या पोटाचा सीटी वाचला होता. थोडे पाणी, यकृत किंचित मोठे, आणि स्कॅन एकाच फेजचा, म्हणजे कॉन्ट्रास्टच्या इंजेक्शननंतर एकदाच, साधारण 70 सेकंदांनी टिपलेला. यकृतातले रक्त बाहेर नेणाऱ्या हेपॅटिक व्हेन्स नीट दिसत नव्हत्या. वेळ जरा लवकरची पडली असावी, असे मी गृहीत धरले आणि यकृताच्या ठिपकेदारपणाला चरबीचे नाव देऊन सही केली. गेल्या मंगळवारी ती परत आली, तेव्हा पोट पाण्याने तट्ट फुगले होते. या वेळी तिन्ही फेज केल्या. 35 सेकंदांना यकृताचा मध्यभाग लख्ख आणि कडा फिक्या. 3 मिनिटांनी मध्यभाग निवळला, कडा उजळल्या, व्हेन्स मात्र शेवटपर्यंत भरल्याच नाहीत. बड-किआरी, म्हणजे याच व्हेन्स तुंबण्याचा आजार. मग मी जुना स्कॅन उघडला. कॉडेट लोब तेव्हाच फुगून शेजारच्या व्हेना केव्हाला, हृदयाकडे जाणाऱ्या त्या मोठ्या शिरेला, दाबत होता.

कॉडेटचे रक्त स्वतःच्या बारीक शिरांतून थेट व्हेना केव्हात जाते, म्हणून बाकीचे यकृत तुंबले तरी तो तगतो आणि वाढतो, हे तू रेसिडेन्सीत इतक्यांदा सांगायचास, की सगळे तुला 'कॉडेटवाले' म्हणत. फेजवरून तर आपण रात्ररात्र भांडलो. जादा फेज म्हणजे जादा किरणोत्सर्ग, तेव्हा सरसकट सगळ्यांना तीन फेज करू नयेत, हे मला आजही पटते. पण न दिसलेली शीर ही शंका होती आणि ती फेडायला रक्तप्रवाह दाखवणारी डॉप्लर सोनोग्राफी पुरली असती, जिच्यात किरणच नाहीत. तेवढी एक ओळ मी रिपोर्टात लिहिली नाही. आठ महिने, सुधीर.

रक्त पातळ करणारी औषधे सुरू झाली आहेत. जुन्या रिपोर्टाला दुरुस्ती जोडून तिच्या डॉक्टरांना फोन केला; उद्या तिला स्वतः भेटून सांगणार आहे.

तुझ्या बढतीचे अभिनंदन राहूनच गेले. वहिनींना नमस्कार.

दोन्ही स्कॅन नावगाव काढून पाठवतो आहे. नव्यात उजव्या व्हेनच्या तोंडाशी अडथळा आखूड वाटतो; तसा असेल तर फुग्याने वाट मोकळी करता येईल आणि टिप्स, म्हणजे यकृतातून रक्ताला नवी वाट काढून देणे, टळेल. हे एकट्या माझ्या नजरेवर सोडवत नाही. आज रात्रीच बघ.

तुझा,
मनोहर