सूचना : शनिवारची औषधशास्त्र उजळणी

द्वितीय वर्षाच्या सर्व विद्यार्थिनी व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, औषधशास्त्राची उजळणी येत्या शनिवारी दुपारी 3 वाजता प्रात्यक्षिक कक्षात होईल. वही, स्टेथोस्कोप आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ सोबत आणावे.

या वेळी औषधांचे वर्गीकरण पुन्हा शिकवले जाणार नाही. ते वाचून यावे. बहुतेक वेळ इन्सुलिनच्या मोजमापाला दिला जाईल, कारण तिथली चूक डोळ्यांदेखत होते आणि तरीही लक्षात येत नाही. आपल्याकडे 1 मिलिलिटरमध्ये 40 युनिट आणि 100 युनिट अशा दोन्ही तीव्रतांच्या बाटल्या मिळतात व त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात : 40ची लाल टोपणाची, 100ची नारिंगी टोपणाची. 100 तीव्रतेचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 20च्या खुणेपर्यंत ओढले, तर ते अर्धा मिलिलिटर भरते आणि रुग्णाला 20ऐवजी 50 युनिट जातात. हे गणित प्रत्येकाने स्वतः कागदावर मांडून आणावे, ही आग्रहाची विनंती आहे.

त्यानंतर, डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध देण्यापूर्वी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून हृदयाचे ठोके पूर्ण एक मिनिट मोजण्याचा सराव होईल. प्रौढ रुग्णात ते 60पेक्षा कमी भरल्यास डोस न देता डॉक्टरांना कळवायचे असते. पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता थेट शिरेतून कधीही द्यायचे नाही, हे तर झोपेतही आठवले पाहिजे.

रात्रपाळी करून येणाऱ्यांनी उशीर झाला तरी अवश्य यावे.