पेटालूदेसच्या दरीत टाळी वाजवू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावरचा लेख वाचल्यापासून मन स्वस्थ नाही, म्हणून आज सकाळीच हे पत्र लिहायला घेतले आहे. जुने शहर, तटबंदी आणि बंदर यांविषयी लेखकाने जे लिहिले आहे त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती शेवटच्या चौकटीतील, बेटावरच्या पेटालूदेस म्हणजेच ‘फुलपाखरांच्या दरी’विषयीच्या एका वाक्याबद्दल. ‘फुलपाखरांच्या दरीत गेलात तर एकदा जोरात टाळी वाजवा, सारी दरी क्षणात लाल होईल,’ असा सल्ला तेथे दिला आहे. लेखकाने तो उत्साहाच्या भरात लिहिला असेल, पण छापण्यापूर्वी आपल्या कार्यालयात तो कोणाच्याच नजरेला कसा खटकला नाही, हे मला समजत नाही.

मला तो इतका लागण्याचे कारण असे की, तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये मी त्याच दरीत उभी राहून टाळी वाजवली आहे. आमचा तीस-बत्तीस जणांचा गट होता. बाहेर ऊन इतके कडक होते की बसमधून उतरवत नव्हते, आणि दरीत पाऊल टाकल्याबरोबर अंगाला गारवा लागला. बाजूने वाहणारा ओढा, त्यावरचे लाकडी पूल, डोक्यावर दाट सावली. झाडांच्या खोडांवर सालीचे पापुद्रे सुटल्यासारखे दिसत होते. अगदी जवळ गेले तेव्हा लक्षात आले की ती साल नव्हे, एकमेकांना खेटून बसलेले शेकडो पतंग आहेत, लेखातली ‘फुलपाखरे’ ती हीच. काळपट पुढचे पंख, त्यांवर फिकट पिवळसर तिरपे पट्टे आणि पंखांची नीट त्रिकोणी घडी. मी तेवढ्यावरच थांबायला हवे होते, कारण इतके सुंदर दृश्य मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. पण आमच्या सहलीच्या व्यवस्थापकांनी सर्वांना पुलावर उभे केले, ‘एक, दोन, तीन’ म्हटले आणि आम्ही सर्वांनी टाळ्या वाजवल्या. प्रवेशद्वाराशी आवाज करू नये अशी पाटी होती. ती मी वाचली होती, आणि तरीही वाजवली.

दरी लाल झाली, यात शंका नाही. सर्वांचे फोटो काढून झाले आणि आम्ही वरच्या मठाकडे जाणारी वाट चढू लागलो. तेवढ्यात खालून पुन्हा टाळ्या ऐकू आल्या. तो मागून आलेला दुसरा गट होता. थोड्या वेळाने कोणी शिट्टी मारली, मग पुन्हा टाळ्या. मी न ठरवता मोजू लागले. आम्ही मठ पाहून खाली परत येईपर्यंत सहा वेळा तो आवाज झाला. सकाळपासून किती वेळा झाला असेल आणि सप्टेंबर संपेपर्यंत रोज किती वेळा होणार असेल, हा विचार तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही.

घरी परतल्यावर मी या पतंगाविषयी मिळेल ते वाचले, आणि आपण काय केले ते मला तेव्हा नीट कळले. हा पतंग बसलेला असताना मागचे लाल पंख पुढच्या पंखांखाली झाकून ठेवतो, जेणेकरून तो सालीसारखा दिसावा आणि पक्ष्याला सापडू नये. शत्रू अगदी जवळ आला की तो एकदम पंख उघडतो. अचानक दिसलेल्या लाल रंगाने शत्रू क्षणभर दचकतो आणि तेवढ्या वेळात पतंग निसटतो. म्हणजे आपण ज्याला दरीचे लाल होणे म्हणतो, ते हजारो जिवांचे एकाच वेळी घाबरणे असते. पुरवणीत आपण जो मोठा रंगीत फोटो छापला आहे, त्यात हवेत उडणारे लाल पंखच दिसतात. भर दिवसा विसावलेले इतके पतंग आपणहून एकदम उडत नाहीत, तेव्हा तो फोटो कसा मिळवला गेला असेल याची मला कल्पना आहे. तसाच एक फोटो आमच्या दिवाणखान्यात दोन वर्षे लावलेला होता. आता तो काढून ठेवला आहे.

लेखात असेही म्हटले आहे की या ‘फुलपाखरांना’ पोटच नसते. हे खरे नाही. युरोपात इतरत्र हाच पतंग फुलांवर बसून मध पिताना सर्रास दिसतो. दरीत मात्र तो खात नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आपल्याकडे पावसाळ्यात रान हिरवे होते. भूमध्य समुद्राकाठी याच्या अगदी उलट, पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. या पतंगाच्या अळ्या शरद ऋतूत अंड्यांतून बाहेर पडतात, हिवाळ्यातील हिरवळीवर वाढतात, वसंतात कोश करतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांचे पतंग होतात. नेमके तेव्हाच बाहेरचे रान करपू लागते. म्हणून ते जूनच्या सुमारास ओढ्याकाठच्या या गार, दमट दरीत येतात आणि सप्टेंबरपर्यंत अंगातल्या साठवलेल्या चरबीवर निपचित बसून राहतात. उन्हाळा सरत आला की त्यांचे मीलन होते आणि माद्या दरीबाहेर जाऊन अंडी घालतात. ही सारी शिदोरी तोपर्यंत पुरवायची असते. प्रत्येक टाळीला होणारे उड्डाण त्या शिदोरीतून खर्च होते, आणि ती भरून काढायला दरीत काहीही नसते. या दरीतील पतंगांची संख्या रोडावल्याचे जे सांगितले जाते, त्यात पर्यटकांनी त्यांना पुन्हा पुन्हा उडवणे हे एक मुख्य कारण मानले जाते.

हा पतंग युरोपभर आढळतो, मग एवढी काळजी कशासाठी, असे कोणी विचारील. युरोपीय समुदायाने 1992 साली अधिवास-संरक्षणाचा जो निर्देश काढला, त्यात प्राधान्याने जपायच्या जातींमध्ये या पतंगाचे नाव आहे. अनेक तज्ज्ञांचे म्हणणे असे की तेथे संपूर्ण जातीचे नाव चुकून पडले. संरक्षण अभिप्रेत होते ते ऱ्होड्सवरच्या उपजातीला. मला यातून इतकेच दिसते की सबंध खंडात सहज आढळणाऱ्या या जातीपैकी जपण्याची गरज ज्यांना वाटली, ते हेच पतंग आहेत, ज्यांना टाळी वाजवून उडवा असे आपण छापले.

आता झाडाविषयी. लेखात त्याचा उल्लेख ‘मेपलसारखे एक झाड’ असा तीन शब्दांत उरकला आहे, आणि याचेही मला वाईट वाटले. माझ्या वडिलांचे साताऱ्यात काष्ठौषधींचे दुकान होते. तेथे एका डब्यात करड्या-तपकिरी रंगाचा, मधासारखा घट्ट आणि चिकट शिलारस, म्हणजे एका झाडाचा सुवासिक चीक, असे. धुपासाठी, लेपासाठी तो मागायला लोक येत. डब्याचे झाकण उघडले की सारे दुकान दरवळून जाई. जुन्या वैद्यकात त्याला तुरुष्क, म्हणजे तुर्की, म्हणत; तेव्हा तो पश्चिमेकडून येतो हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. पेटालूदेसच्या वाटेवर खाली पडलेले एक पाचबोटी पान मी उचलून चुरगळले आणि नाकाशी धरले, तेव्हा मला माझे वडील आठवले. दरीतली ती झाडे शिलारसाचीच आहेत. जगात हे झाड रानात वाढते ते तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, मार्मारिस, क्योयजेइझ, फेतिये या भागात, आणि समोरच्या ऱ्होड्सवर. तुर्कस्तानात त्याची पुष्कळ रानेच्या राने शेतीसाठी आणि संत्र्या-लिंबांच्या बागांसाठी तोडली गेली. आज ते संकटग्रस्त वृक्षांमध्ये गणले जाते. दरीभोवतीच्या उतारांवर पाइन आहेत, पण पतंग गर्दी करतात ती ओढ्याकाठच्या शिलारसाच्या सावलीत. त्या राळेच्या वासाने ते ओढले जातात असेही सांगतात. मला स्वतःला गारवा आणि ओल ही कारणे अधिक पटतात. कारण कोणतेही असो, ज्या झाडाचा चीक आपल्या देवघरात पिढ्यान्‌पिढ्या धुपला, त्याचे नाव मराठी वर्तमानपत्रात मराठीत छापता आले असते.

‘फुलपाखरे’ या शब्दावर मी फार अडून बसत नाही. ग्रीक भाषेत पतंगालाही रात्रीचे फुलपाखरूच म्हणतात, आणि दरीचे नावही त्यावरून पडले आहे. परंतु ज्या लेखात पोट नसल्यासारखी माहिती ठामपणे दिली आहे, तेथे हा पतंग आहे एवढे एक वाक्य घालायला हरकत नव्हती.

कासच्या पठारावर फुले तुडवत, त्यांत लोळत फोटो काढणाऱ्यांविरुद्ध याच वर्तमानपत्राने पूर्वी कळकळीने लिहिले होते. ती कात्रणे मी जपून ठेवली आहेत. काजव्यांच्या झाडांवर मोटारींचे दिवे आणि विजेऱ्या मारू नका, असेही आपण दर वर्षी मे-जूनमध्ये छापता. आपल्या रानातील किड्यामुंग्यांची जी काळजी आपण वाहता, तीच परक्या बेटावरच्या पतंगांची का वाहू नये?

माझी विनंती दोन गोष्टींची आहे. येत्या रविवारच्या पुरवणीत, त्याच पानावर आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत, दरीत टाळ्या-शिट्ट्या वाजवणे आणि झाडे हलवणे टाळावे अशी दुरुस्ती छापावी. आतल्या पानाच्या कोपऱ्यातील दोन ओळींनी काम भागणार नाही. आणि संकेतस्थळावर आज सकाळपर्यंत ती चौकट जशीच्या तशी होती, ती लगेच बदलावी. उन्हाळी सहलींचे गट निघू लागले आहेत, आणि जून उजाडला की पतंग दरीत यायला सुरुवात होईल.

कळावे,
आपली एक जुनी वाचक,
सातारा