कृष्णाकाठच्या बँकांचा इतिहास लिहिला जावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

बँकांच्या विलीनीकरणाचा विषय निघाला की ‘छोट्या गावातली बँक, ती कधी ना कधी जाणारच होती’ असे वाक्य हमखास ऐकू येते. कृष्णाकाठच्या ज्या तीन जुन्या बँका सप्टेंबर २००६ ते एप्रिल २००७ या आठ महिन्यांत मोठ्या बँकांत विलीन झाल्या, त्यांच्या बाबतीत हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. म्हणून हा पत्रप्रपंच.

त्यांतील सर्वांत लहान बँक कुरुंदवाडची. शिरोळ तालुक्यातील हे गाव तेव्हा पटवर्धनांच्या संस्थानाचे ठिकाण होते आणि तेथे १९२० साली गणेश बँक ऑफ कुरुंदवाड स्थापन झाली. ऊस, गूळ, तंबाखू आणि हळद यांच्या उलाढालीवर चालणाऱ्या या टापूत पेढीवरचा सावकार आणि अडत्या यांच्याखेरीज पैसा मिळण्याची सोय फारशी नव्हती. अशा ठिकाणी ठेवीची रीतसर पावती देणारी आणि व्याजाचा दर आधी सांगणारी संस्था उभी राहणे ही मोठी गोष्ट होती. ७ जानेवारी २००६ रोजी या बँकेच्या व्यवहारांवर स्थगिती आली आणि पाठोपाठ ती केरळच्या फेडरल बँकेत विलीन करण्याची योजना पुढे आली. बँकेच्या बाजूने ही योजना मान्य झाली नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण विलीनीकरण कायम राहिले आणि ते २ सप्टेंबर २००६ पासून अमलात आले. कुरुंदवाडसारख्या गावातील बँक आपल्या अस्तित्वासाठी दिल्लीपर्यंत भांडली, हे आज कुरुंदवाडातील तरुणांपैकी कितीजणांना ठाऊक असेल?

त्याच २ सप्टेंबरला साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर स्थगिती लागू झाली. १९३६ साली स्थापन झालेल्या या बँकेत स्वदेशी चळवळीच्या काळातील, १९०७ सालची सातारा स्वदेशी कमर्शियल बँक १९५६ मध्ये सामावली गेली होती. म्हणजे साताऱ्याच्या बँकव्यवसायाची जवळजवळ शंभर वर्षांची परंपरा एका महिन्यात, ३ ऑक्टोबरला, आयडीबीआयकडे गेली. पुढे १९ एप्रिल २००७ पासून सांगली बँकेच्या शाखा आयसीआयसीआय बँकेच्या झाल्या. कऱ्हाडची बँक ऑफ कऱ्हाड तर त्याआधीच, १९९२ च्या रोखे घोटाळ्यात अडकून बुडाली होती. नाव कऱ्हाडचे असले तरी तिला बुडवणारे व्यवहार मुंबईच्या रोखे बाजारातले होते, एवढे नोंदवून ते प्रकरण येथेच सोडतो.

आता मूळ मुद्दा. सांगली बँक १९१६ सालची. त्याच वर्षी तमिळनाडूतील करूर या गावात करूर वैश्य बँक सुरू झाली आणि ती आजही त्याच नावाने, करूर येथेच मुख्य कार्यालय ठेवून चालू आहे. कुरुंदवाडच्या बँकेच्या वर्षीच, १९२० साली, त्रिशूरला कॅथलिक सीरियन बँक निघाली; तीही सीएसबी या आद्याक्षरांनी का होईना, टिकून आहे. इतकेच नव्हे, तर जिने कुरुंदवाडची बँक सामावून घेतली ती फेडरल बँक १९३१ साली तिरुवल्ल्याजवळील नेडुंपुरम येथे सुरू झाली होती आणि तिचे मुख्यालय आजही आलुवा या मध्यम आकाराच्या गावात आहे. तेव्हा गाव लहान असणे हे बँक जाण्याचे पुरेसे कारण ठरत नाही.

भांडवल अपुरे पडले, हे उघड आहे. १९६९ साली पन्नास कोटींहून अधिक ठेवी असलेल्या चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा आपल्या बँका लहान म्हणून वगळल्या गेल्या आणि खासगी राहिल्या. पुढे २००५ मध्ये रिझर्व्ह बँकेने खासगी बँकांसाठी किमान तीनशे कोटी रुपयांच्या नक्त मालमत्तेचा (देणी वजा जाता उरणाऱ्या मालमत्तेचा) दंडक घातला, तेव्हा तेच लहानपण अंगाशी आले. परंतु करूरला जे भांडवल जमले ते सांगलीला का जमले नाही? नवे भागधारक आले तर आपला ताबा जाईल, या भीतीने भांडवल वाढवणे लांबणीवर पडले का? एकाच नदीच्या पाण्यावर, दोन-चार पिकांवर आणि त्यांच्याच व्यापाऱ्यांवर बहुतेक कर्जे अवलंबून राहिली का? २००५ च्या महापुरात हरिपूरच्या हळदीच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यांत, पाणी शिरले आणि शिरोळ तालुका पाण्याखाली गेला. त्याचा या बँकांच्या वसुलीवर किती परिणाम झाला? रिझर्व्ह बँकेला नुसता दोष देऊन किंवा संचालकांवर खापर फोडून या प्रश्नांची उत्तरे मिळणार नाहीत. ती संचालक मंडळांच्या सभांच्या इतिवृत्तांत, वार्षिक अहवालांत आणि तपासणीच्या शेऱ्यांत असणार.

ही कागदपत्रे ज्या बँकांकडे गेली त्यांच्या दृष्टीने ती रद्दी ठरण्याची शक्यता मोठी आहे. खातेदारांची माहिती गोपनीय राहिलीच पाहिजे. पण पन्नास वर्षांपूर्वीची इतिवृत्ते आणि छापील अहवाल यांना ती अडचण नसावी. ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे सोपवावेत, तसेच सत्तरच्या दशकात या बँकांत नोकरीला लागलेले व आता वयोवृद्ध झालेले कर्मचारी यांच्या मुलाखती विद्यापीठाने ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात, अशी माझी सूचना आहे. आपण आपल्या सांगली, सातारा व कोल्हापूर आवृत्त्यांतून वाचकांना जुने अहवाल, भागदाखले आणि सभांच्या नोटिसा जपून ठेवण्याचे व विद्यापीठाला दाखवण्याचे आवाहन केल्यास हे काम लवकर सुरू होऊ शकेल.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक, सांगली