बाबांचा सातचा पाढा आणि पोस्टवाल्या आजींचा हजारावा डबा

ती. आई-बाबा,
सा. न.

शनिवारचा कार्यक्रम झाला एकदाचा. फोनवर आपलं सगळं बोलणं जेवलात का आणि गोळी घेतली का यातच संपतं म्हणून म्हटलं हे नीट लिहूनच कळवावं, कारण बाबा, तुमचा तो पाढ्याचा कागद इथे पोर्टलंडमध्ये काय भाव खाऊन गेलाय ते तुम्हाला कळायलाच हवं.

आई, तू ज्यांना पोस्टवाल्या आजी म्हणतेस ना, त्यांचे जिओकॅशिंगमधले हजार पूर्ण व्हायचे होते. म्हणजे लोकांनी लपवलेले डबे जीपीएसवर शोधायचे, आत वही असते त्यात सही करायची आणि डबा होता तसा परत ठेवून द्यायचा. तू विचारलं होतंस यात मिळतं काय, तर वस्तू म्हणशील तर काहीच नाही, फार तर एखादं छोटं खेळणं, तेही उचललं तर आपलं काहीतरी तिथे ठेवायचं. पण आम्ही इथे नवीन आलो तेव्हा कोणी ओळखीचं नव्हतं, बाहेर सतत पाऊस, आणि या बाईंनी दार वाजवून विचारलं की डबा शोधायला येता का. आयुष्यभर पायी टपाल वाटलेलं असल्यामुळे त्यांना गल्लीन् गल्ली पाठ आहे आणि हे शहर मला त्यांनीच दाखवलं, हे मी कधीच विसरणार नाही.

आणि गंमत म्हणजे हा खेळ सुरूच मुळी आमच्याजवळ झालाय. आधी अमेरिकन सरकार साध्या लोकांसाठीचा जीपीएसचा सिग्नल मुद्दाम बिघडवून ठेवायचं, शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवायचा. मे २००० च्या सुरुवातीला ते बंद केलं आणि लगेच ३ मेला डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने इथून तासाभराच्या अंतरावर बीव्हरक्रीकपाशी एक काळी बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले, बघू कोणाला सापडते का. आत वही, पेन्सिल, पुस्तकं, कॅसेट, एक गलोल आणि चक्क बीन्सचा डबाबंद कॅन होता. आता तिथे आठवण म्हणून पाटी आहे आणि जगभरात असे ३० लाखांच्या वर डबे आहेत. आजींनी पहिल्यांदा मला त्या पाटीपाशीच नेलं होतं.

तर हजारावा डबा असाच कुठलातरी रस्त्यावरच्या खांबाखालचा नको, असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं आणि कोड्यांची माळच लावली. सुरुवात मिल एंड्स पार्कपासून, हे रस्त्याच्या मधोमध आहे आणि सगळं मिळून दोन फुटांचं गोल, म्हणजे आपल्या तुळशीच्या कुंडीपेक्षा थोडं मोठं, पण अधिकृत पार्क! तिथल्या चिठ्ठीवर फक्त 'लिबर्टीची गुडघ्यावर बसलेली धाकटी बहीण' एवढंच. आजींनी क्षणभरही न थांबता पोर्टलँडिया म्हणून सांगितलं, तो ठोकलेल्या तांब्याचा प्रचंड पुतळा आहे, न्यूयॉर्कच्या स्टॅच्यू ऑफ लिबर्टीनंतर अशा तांब्याच्या पुतळ्यांत देशात तोच मोठा. तो बसवल्याचं साल १९८५, आणि पुढे १९३१ चा सेंट जॉन्स पूल, या सालांचे आकडे घालून एक गणित होतं, ते सोडवून सगळी वरात पुलाखालच्या कॅथीड्रल पार्कात. बाबा, तो पूल तुम्ही बघायलाच हवा, खालून उभं राहिलं की खांबांच्या उंच टोकदार कमानी एकामागे एक दिसतात.

तिथे बाकावर तुम्ही पाठवलेला पिवळा लिफाफा. तुमच्या अक्षरातली सातच्या पाढ्याची नुसती उत्तरं एकाखाली एक, आणि खाली दोन ओळी आकड्यांच्या, म्हणजे शेवटच्या डब्याचे अक्षांश-रेखांश, सगळं देवनागरीत. इंग्रजी अक्षर एकही नाही. बाकीचे लोक म्हणाले हे काय सुटायचं नाही, पण आजी म्हणाल्या इथले अक्षांश ४५ नेच सुरू होणार आणि रेखांश १२२ ने, म्हणजे दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला एकसारखी दोन चिन्हं शेजारी दिसायला हवीत. आणि होतीच! चार आकडे तिथेच कळले. मग त्या कितीतरी वेळ वरच्या दहा ओळींकडे बघत बसल्या आणि एकदम ओरडल्या की उजव्या रांगेत प्रत्येक चिन्ह एकदाच आलंय, म्हणजे हा सातचा पाढाच. सात, चार, एक, आठ, पाच, दोन, नऊ, सहा, तीन, शून्य. तुम्ही सातचाच पाढा का निवडलात ते मला त्या क्षणी कळलं बाबा, आणि खरं सांगते, अभिमानाने डोळ्यात पाणी आलं. एवढी वर्षं शाळेत शिकवलंत ते असं सात समुद्रापलीकडे कोणीतरी बाकावर बसून हाताच्या बोटांवर मोजत होतं.

शेवटचा डबा एका मित्राच्या अंगणात, पक्ष्यांच्या लाकडी घरट्यात. त्याची साईटवर रीतसर नोंद केली होती, कारण नोंद नसलेला डबा हजारात धरत नाहीत, आणि गावातल्या इतर खेळाडूंनाही खबर होती म्हणून कोणी आधी सही करायला गेलं नाही. आजींनी सही केली, तारीख घातली आणि खाली तुमच्या कागदात बघून बघून १००० देवनागरीत लिहिलं, शून्यं जरा चपटी आलीयेत पण फार गोड दिसतंय, फोटो पाठवलाय. मग आई, तुझ्या पद्धतीने बेसन मंद आचेवर भाजून केलेले लाडू वाटले, आजींनी चार घरी नेले.

आता बाबा, तुमचं काम. आजींना मी सांगितलं की आमच्याकडे पावकी, निमकी, दीडकी असे अपूर्णांकांचेही पाढे असायचे, तेव्हापासून त्या मागेच लागल्यात, त्यांना पुढच्या कोड्यासाठी साडेतीनचा हवाय. म्हणजे आपली औटकी. ती तुम्हाला अजून पाठ आहे का? असेल तर दहापर्यंत लिहा, साध्या शाईपेनाने, आणि आईला फोटो काढायला सांगा, तुम्ही काढलात की अंगठा मध्ये येतो. आणि गुडघ्याचं डॉक्टरांनी काय सांगितलं तेही कळवा.

तुमची,
मनी